चौथ्या चित्रातली पेशी

“ते चौथं चित्र जरा परत दाखव,” बाई म्हणाल्या.

डायरेक्टर तोवर पुढे गेले होते. आठ दिवसांनी संशोधन संस्थेची पाहणी करायला बाहेरची समिती यायची होती आणि तिच्यासमोर करायच्या भाषणाची ही तालीम होती. सभागृहात पंधरा-वीस माणसं, पडदे ओढलेले, प्रत्येकाच्या हातात कागदी कपातला चहा. डायरेक्टरांनी हसून चित्र मागे आणलं. “बाईंना पेशी आवडलेली दिसतेय,” ते म्हणाले, तसे सगळे हसले.

पडद्यावर दाराएवढी मोठी केलेली एक काळीपांढरी पेशी होती. तिची गुणसूत्रं मधोमध रांगेत उभी होती. एकच तेवढं रांगेबाहेर, पार टोकाशी, गळाच्या आकड्यासारखं वाकडं होऊन राहिलं होतं. खाली लिहिलं होतं : नवं औषध दिल्यानंतर सहा तासांनी. पेशीचं विभाजन थांबलेलं आहे.

“झालं बघून?” डायरेक्टरांनी विचारलं.

“झालं.”

चहाचा पुढचा घोट बाईंना गिळवेना. तोंडात काहीतरी नासकं आल्यासारखं झालं. कप खुर्चीखाली ठेवून त्यांनी उरलेली तालीम खाली मान घालून ऐकली. ती पेशी त्यांच्या ओळखीची होती. शाळा सुटल्यावर एकसारख्या गणवेशातल्या दोनशे पोरांमधून आपलं पोर नुसत्या चालण्यावरून कळतं, तशी ओळखीची. फक्त ते वाकडं गुणसूत्र उजवीकडे असायला हवं होतं. इथे ते डावीकडे होतं.

बाई एकोणसाठ वर्षांच्या होत्या. नोकरीची तेहतीस वर्षं त्यांनी एकच गोष्ट पाहण्यात घालवली होती : एका पेशीच्या दोन पेशी होताना. “लोकांच्या मुली स्थळं बघतात, आमची कांद्याची मुळं बघते,” असं कॉलेजच्या दिवसांत त्यांची आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. बाई तोंडाने फटकळ होत्या. काचपट्टीवर बोटाचा ठसा दिसला की समोर कोण आहे हे न बघता त्या फैलावर घ्यायच्या. पण मायक्रोस्कोपला डोळा लावला की हाच फटकळ जीव असा गप्प व्हायचा, की मागून कोणी येऊन गेलं तरी पत्ता लागत नसे.

त्यांना पडलेला प्रश्न तसा साधा होता. पेशी दुभंगताना गुणसूत्रांची दोन्हीकडे सारखी वाटणी व्हावी लागते. वाटणी चुकली की रोग. मग एखादं गुणसूत्र वाटेत मागे पडलं, तर बाकीची काय करतात? त्याला टाकून निघतात, की थांबतात?

अठ्ठावीस वर्षांपूर्वी एका रविवारी त्यांना उत्तर मिळालं होतं. तेव्हा संस्थेत चांगला मायक्रोस्कोप एकच, त्यावर मोठ्यांचा हक्क, म्हणून बाईंच्या वाट्याला रविवार यायचा. पेशींना अंगाची ऊब लागते. ती देण्यासाठी त्यांनी मायक्रोस्कोपभोवती थर्माकोलची पेटी उभी केली होती आणि तिच्या भोकात केस वाळवायचं यंत्र खुपसलं होतं. सकाळी आठला बसल्या आणि दर अर्ध्या मिनिटाला कॅमेऱ्याचं बटण दाबत राहिल्या. दुपारी त्या एका पेशीतलं एक गुणसूत्र मागे पडलं आणि बाकीची सगळी थांबली. एकावन्न मिनिटं थांबली. मग ते वाकडं गुणसूत्र खुरडत रांगेत आलं, आणि क्षणात साऱ्यांनी दोन दिशांना चाल केली. त्या रिकाम्या इमारतीत बाई एकट्याच ओरडल्या होत्या.

संध्याकाळी घरी पोचल्या तर दाराला कुलूप. सहा वर्षांच्या लेकीला ताप चढून झटका आला होता, नवऱ्याने तिला उचलून इस्पितळात नेलं होतं. निघण्याआधी त्याने संस्थेत फोन लावला होता. तो बंद ऑफिसात वाजून वाजून थांबला. लेक बरी झाली. नवरा आठ दिवस बोलला नाही, आणि पुढे बोलायला लागला तरी त्या रविवाराचं नाव त्याने मरेपर्यंत काढलं नाही. बाईंचं ते काम एका लहानशा नियतकालिकात छापून आलं. तसंच काम दुसरीकडच्या मोठ्या लोकांनी मोठ्या ठिकाणी छापलं आणि नाव त्यांचं झालं. बाईंनी त्याचं फारसं मनाला लावून घेतलं नाही. पेशी थांबते हे आपण आपल्या डोळ्यांनी पाहिलं, एवढं त्यांना पुरलं होतं.

तालीम संपल्यावर त्या थेट आपल्या खोलीत गेल्या आणि कपाटाच्या तळातली निगेटिव्हची पेटी काढली. पेशी सापडायला वेळ लागला नाही. त्यांनी निगेटिव्ह खिडकीच्या उजेडासमोर धरली. खाली उजव्या कोपऱ्यात स्वल्पविरामाएवढा एक डाग होता. त्या जुन्या मायक्रोस्कोपच्या आतल्या भिंगावर एक कण जाऊन बसला होता आणि दोन वर्षं कोणाला काढता आला नव्हता. त्या दोन वर्षांतल्या बाईंच्या प्रत्येक फोटोत तो होता.

मग त्यांनी डायरेक्टरांचा छापून आलेला शोधनिबंध उघडला आणि चौथं चित्र वाढवत नेलं. डाव्या कोपऱ्यात कोणीतरी बोळा फिरवल्यासारखा राखाडी पट्टा होता. त्याच्या कडेने स्वल्पविरामाची शेपटी बाहेर आली होती, उलट्या दिशेला वळलेली. फोटो आरशात धरल्यासारखा फिरवला होता, आणि पुसायचं कामही धड केलं नव्हतं.

“निदान नीट तरी करायचं रे,” त्या मोठ्याने म्हणाल्या, आणि हे आपण बोललो याचीच त्यांना शिसारी आली.

ही निगेटिव्ह त्यांनी आपल्या हाताने एकाच माणसाला काही दिवसांसाठी दिली होती, वर्गात शिकवायला म्हणून. आजचे डायरेक्टर हे बाईंचे पहिले विद्यार्थी. आले तेव्हा वर्षभर कांद्याच्या मुळांशिवाय काही केलं नाही, म्हणून सगळी प्रयोगशाळा त्यांना कांद्या म्हणायची. हुशार, हसरा, हाताला विलक्षण हलका मुलगा. बाईंच्या घरी जेवायचा, लेकीला गणित शिकवायचा. आता तो सुटाबुटात वावरायचा आणि कांद्या म्हणायची हिंमत बाईंशिवाय कोणात नव्हती.

नुसती चोरी असती तर बाईंनी चार शिव्या घालून विषय संपवला असता. पण चित्राखाली औषधाचं नाव होतं. कर्करोगाच्या पेशींचं विभाजन हे औषध थांबवतं, असा निबंधाचा दावा होता, आणि त्याच्या भरवशावर तीन महिन्यांनी चाळीस रोग्यांवर चाचणी सुरू व्हायची होती.

पेशी मोजायचं काम एका संशोधक मुलीकडे होतं. मोजायला तिला बाईंनीच शिकवलं होतं. दुपारी त्यांनी तिला खोलीत बोलावलं.

“औषध दिलेल्या किती पेशी पाहिल्यास?”

“दोनशे, मॅडम.”

“थांबलेल्या किती?”

मुलगी ओढणीच्या टोकाशी चाळा करत राहिली. “निबंधात आहे ना, मॅडम. एकशे बेचाळीस.”

“निबंधात काय आहे ते मला वाचता येतं. तू किती पाहिल्यास?”

“तीन.”

बाईंनी तिच्यापुढे स्टूल सरकवलं.

“सर म्हणाले परत मोज. मी परत मोजल्या. चार आल्या. मग म्हणाले, तुझी नजर बसलेली नाही, बरोबर येईपर्यंत मोजत राहा. सहाव्यांदा मी त्यांना विचारलं, सर, किती यायला हव्यात?” मुलीने ओढणीचं टोक सोडलं. “त्यांनी आकडा सांगितला, मॅडम. मी लिहिला. माझा प्रबंध दोन महिन्यांवर आलाय. घरी सगळे वाट बघतायत.”

“बरं. जा तू.”

“तुम्ही कोणाला सांगणार नाही ना?”

बाईंनी उठून तिच्यासाठी दार उघडलं. ती गेल्यावर त्या बेसिनशी गेल्या आणि साबण लावून हात धुतले. पुसले, आणि परत धुतले.

डायरेक्टर आपल्या टेबलाशी संत्रं सोलत बसले होते. समोरच्या कागदावर सालींचा ढीग होता.

“या बाई, बसा. फोड घ्या, गोड आहे.”

बाईंनी निगेटिव्ह टेबलावर ठेवली. “ही पेशी माझी आहे.”

“कुठली हो?”

“कांद्या, माझ्यासमोर नाटक नको.”

डायरेक्टरांनी उठून दार लावून घेतलं. परत येऊन बसले, एक फोड तोंडात टाकली. “बरं, तुमची. मग? आमचे फोटो चांगले आले नव्हते. नियतकालिकवाल्यांना फोटो लागतो. थांबलेली पेशी तुमच्याइतकी सुरेख कोणी टिपलीये का? एका परीने तुमचा मानच झाला म्हणा.”

“माझ्या पेशीला कोणी औषध दिलं नव्हतं. ती आपणहून थांबली होती, आणि नंतर पुढे गेली.”

“ते कोणाला कळतंय, बाई?”

हे त्यांनी अगदी सहज म्हटलं. डायरेक्टरांनी तोंडातल्या बिया तळहातावर काढल्या आणि सालींच्या ढिगावर टाकल्या. रस मनगटापर्यंत ओघळला होता, तो त्यांनी जिभेने टिपला.

“दोनशेतल्या तीन थांबल्या,” बाई म्हणाल्या. “तीन तर औषध न देताही थांबतात. तुझं औषध काही करत नाही.”

“त्या पोरीला मोजता येत नाही.”

“तिला मी शिकवलंय.”

“बाई, ऐका माझं. औषध चांगलं आहे, मला आतून माहितीये. आत्ता कामाला खीळ बसली तर पुढे काहीच होणार नाही. चाचणीत कळेलच की काय ते.”

“चाळीस माणसांच्या जिवावर कळेल. दुसरं औषध सोडून तुझं घेणार आहेत ती.”

डायरेक्टरांनी हात पुसून फाइलमधून निबंधाचं पहिलं पान काढलं आणि बाईंकडे सरकवलं. “लेखकांची नावं वाचलीत? तिसरं कोणाचं आहे?”

बाईंना ते बघायची गरज नव्हती.

“सही तुमची आहे. मागच्या सात निबंधांवर आहे. एकदा तरी म्हणालात का, मला वाचायला दे म्हणून?” त्यांचा आवाज अजूनही मऊच होता, आजाऱ्याशी बोलावा तसा. “मी तुमचं नाव घालत आलो, बाई. कारण तुमचं कोणी घालत नव्हतं. आता आणखी दोन वर्षं तुम्हाला मुदतवाढ द्यायची म्हणतोय. नव्या मायक्रोस्कोपच्या दालनाला तुमचं नाव द्यायचं ठरलंय, पाटीसुद्धा करायला टाकलीये. कशाला हे उकरून काढता?”

बाईंनी निगेटिव्ह उचलली. तिच्या कडेला संत्र्याचा रस लागला होता.

“तुला एकदा तरी वाटलं का रे,” त्यांनी विचारलं, “की हे आपण बाईंच्या फोटोने नको करायला?”

“खरं सांगू? तुमचा होता म्हणूनच धीर झाला. म्हटलं, कळलं तरी घरातच राहील.”

घरी लेक स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. नवरा गेल्यापासून घरात या दोघीच. लेक नकाशे काढायच्या ऑफिसात होती, चौतिशीची, आईसारखीच तुटक बोलणारी. बाईंनी तिला सगळं सांगितलं. त्या रविवाराबद्दल त्या तिच्याशी पहिल्यांदाच बोलत होत्या.

“म्हणजे मी इस्पितळात होते तेव्हा तू हे काढत होतीस,” लेक म्हणाली.

“हो.”

“आणि तेच दादाने उलटं करून छापलं.” लेक त्याला अजून दादाच म्हणायची. तिने सुरी खाली ठेवली. “तुझा संताप होत असेल.”

“संताप परवडला गं. किळस येतेय. सकाळपासून जेवण जात नाही.”

“त्याची?”

बाई ओट्यावरचं पाणी फडक्याने टिपत राहिल्या. “सात निबंध. टपाल आलं की मी आधी माझं नाव शोधायचे. सापडलं की पान मिटायचे. आत काय आहे ते बघायचा कंटाळा. आणि पोरांना मी दटावायचे काय, तर ठसा दिसला काचेवर.”

“मग आता?”

“लिहिणार आहे. संपादकांना, आणि नीतिसमितीला.”

“दादा बुडेल.”

“तो नाही बुडायचा. मी बुडेन. आणि ती पोरगी.”

लेकीने सुरी परत हातात घेतली. बराच वेळ तिचा नुसता टकटक आवाज येत राहिला. “मी झटक्यातून उठले तेव्हा बाबा होते आणि तू नव्हतीस,” ती म्हणाली. “इतकी वर्षं मी मनात म्हणायचे, नसेना का, काहीतरी मोठं खरं काम करत असेल. ते तरी खरं राहू दे.”

बाईंनी दीड पानाचं पत्र लिहिलं. त्यात विशेषणं नव्हती. निगेटिव्हचं चित्र जोडलं, डागाभोवती वर्तुळ काढलं. पहिल्या परिच्छेदात लिहिलं, की या निबंधावर माझी सही आहे आणि तो न वाचता मी ती केली. मुलीबद्दल एवढंच लिहिलं, की तिने खरा आकडा दिला होता आणि तिला तो बदलायला लावलं. पाठवायच्या आधी त्यांनी मुलीला बोलावून पत्र वाचून दाखवलं. वाचून संपेपर्यंत मुलगी उभीच होती.

“मॅडम, तुमचं ठीक आहे. तुमची सगळी नोकरी झाली,” ती म्हणाली. “मी कुठे जाऊ?”

“परत मोजू. मी शेजारी बसते. मला निवृत्तीला अजून चार महिने आहेत.”

“मला तुमच्या शेजारी बसलेलं कोणी बघायला नकोय,” मुलगी म्हणाली आणि दार न लावता निघून गेली.

पुढे जे झालं ते बाईंच्या अंदाजापेक्षा फार वेगळं नव्हतं. निबंध मागे घेतला गेला. चाचणी थांबली, त्या चाळीस जणांना काय टळलं हे कधी कळलंही नाही. चौकशी समितीची पाच माणसं तीन वेळा जमली. चित्रांची सरमिसळ ‘अनवधानाने’ झाली, असा त्यांनी निष्कर्ष काढला. हा शब्द अहवालात सात वेळा होता, बाईंनी मोजला. आकड्यांबद्दल अहवालात चकार शब्द नव्हता. ज्येष्ठ लेखिकेने सही करण्यापूर्वी निबंध वाचायला हवा होता, असा ठपका मात्र होता, आणि तो बाईंना मान्य होता. मुलीचं एक वर्ष वाया जाणार होतं. ती दुसऱ्या प्रयोगशाळेत गेली, जिन्यात समोर आली तर भिंतीकडे बघून उतरायची. दोन महिन्यांत डायरेक्टरांची वरच्या जागी निवड झाली. त्या पदावरून आता त्यांना अशा दहा संस्थांवर देखरेख करायची होती.

बातमी कळली त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे त्यांचं अभिनंदन करत होते. बाई आपला डबा घेऊन त्या टेबलावरून उठल्या आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसल्या. घास तोंडात फिरत राहिला. माणसं वाईट असतात हे त्यांना नवीन नव्हतं. या सगळ्याला काही वासच येत नाही, हे त्यांना सहन होत नव्हतं. नाकाला रुमाल लावावा असं एखादं माणूस तरी दिसावं. पण सगळे स्वच्छ, इस्त्रीचे, हसतमुख.

निवृत्तीच्या आधीच्या आठवड्यात एक काम उरलं. बाईंनी एकाच पेशीपासून वाढवलेला एक वंश सव्वीस वर्षं जिवंत ठेवला होता. आठवड्यातून तीनदा खाद्य बदलायचं, दाटी झाली की नव्या बाटलीत घालायचं. सुट्ट्या, आजारपण, नवऱ्याचं जाणं, यातलं काहीही आलं तरी हे चुकलं नव्हतं. या पेशी त्यांना कोणाकडे तरी द्यायच्या होत्या. शेजारच्या खोलीतल्या बाई म्हणाल्या, जागा नाही हो. वरच्या मजल्यावरचे म्हणाले, आमचं काम आता वेगळ्या दिशेला चाललंय. तिसऱ्याने खरं ते सांगितलं.

“बाई, तुमच्या नावाची बाटली माझ्या कपाटात दिसली तर मलाच त्रास होईल.”

“कळलं,” बाई म्हणाल्या.

शेवटच्या दिवशी दुपारी सभागृहात डायरेक्टरांचा निरोपसमारंभ होता. सगळे तिकडे गेले. बाईंनी उबदार कपाट उघडलं, सहा बाटल्या काढून ओट्यावर ओळीने ठेवल्या. काचेच्या तळाशी पेशींचा पातळ थर होता, वर गुलाबी खाद्य. एरवी हातात बाटली आली की त्या आधी भिंगाखाली धरायच्या. त्या दिवशी धरली नाही.

प्रत्येक बाटलीत त्यांनी मापाने ब्लीच ओतलं. गुलाबी रंग कडेने विरत गेला, मग सगळं पाण्यासारखं झालं. वीस मिनिटं ठेवायचं असा नियम होता. त्यांनी घड्याळ लावलं आणि स्टुलावर बसून राहिल्या. सभागृहाकडून टाळ्या ऐकू आल्या, थांबल्या, परत आल्या. कोणीतरी माइकवर ‘आमच्या संस्थेची स्वच्छ परंपरा’ म्हणालं.

वीस मिनिटं झाल्यावर त्यांनी बाटल्या एकेक करून बेसिनमध्ये रित्या केल्या, वरून भरपूर पाणी सोडलं. बाटल्या ब्रशने आतून घासल्या, तीनदा विसळल्या, उजेडाकडे धरून कुठे काही राहिलं नाही ना ते पाहिलं. मग जाळीवर उलट्या करून ठेवल्या, कोणाला तरी लागतील म्हणून.